हातभर बोगदा

पुण्याच्या मॉडेल रेल्वेच्या प्रदर्शनात आपली गाडी न्यायची, हा बाबांचा बेत कित्येक वर्षं चालला होता. बाबा मार्चमध्ये गेले. बेत मात्र त्यांचे मित्र गुरुप्रसादकाका यांनी चालूच ठेवला.

दोघेही निवृत्त. पावसाळ्यात कोकण रेल्वे हळू धावते, म्हणून जूनपासून खेळण्यातल्या गाडीचाही वेग कमी करायचे. आईच्या आजारपणात तिच्या औषधांच्या वेळा पाळायला मात्र मीच होते.

"काका, रुळांचा हा पाट अख्खा टेंपोत मावणार नाही. मधोमध, बोगद्यातून कापावा लागेल."

"नको गो. त्यात जीव होता त्याचा."

"पुठ्ठ्यात?" मी करवत हातात घेतली.

"मग शेवटची एक फेरी तरी बघू दे."

म्हाताऱ्याचा हट्ट पुरवायचा म्हणून मी गाडी सोडली. बोगदा जेमतेम हातभर, वरून जांभ्याची पूड चिकटवलेला. गाडी आत शिरली आणि बाहेर आलीच नाही. चाकांचा आवाज मात्र आत लांब लांब जात राहिला आणि शेवटी ऐकू येईनासा झाला.

"अडकली असेल," मी म्हटलं.

"अडकली तर आवाज लांब जातो होय?"

मी वाकून बोगद्याच्या तोंडाला डोळा लावला. पलीकडचा उजेड दिसायला हवा होता. नुसता काळोख होता.

"तिकडून बघा, काका. मी दिसते का?"

काका गुडघ्यांवर हात टेकून वाकले.

"नाही गो," ते हळूच म्हणाले. "मधे कोणीतरी उभं आहे. तुझ्याकडे तोंड करून."