खालून तिसरी ओळ

मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर नजर लख्ख झाली, म्हणून फरशी बसवणाऱ्या बाबांनी सूज रोखणारे थेंब मधेच बंद केले. पुढे लेकीने घरच्या ओट्यामागे टाइल्स बसवल्या, तर त्यांना भिंतभर लाटाच दिसल्या. “सगळं उखड,” ते म्हणाले.

डॉक्टरांनी डोळा तपासला. “भिंतीला बोल लावू नका. तुमच्या डोळ्याच्या पडद्याला सूज आलीय. थेंब परत सुरू करा, आणि या वेळी मी सांगेपर्यंत सोडायचे नाहीत.”

आज बाबा चांगला डोळा हाताने झाकून त्याच भिंतीसमोर उभे राहिले. लेकीने श्वास रोखला. आई कढईतली भाजी हलवायची विसरली.

“वरच्या ओळी सरळ,” बाबा सावकाश म्हणाले. “मधल्याही सरळ. खालून तिसरी मात्र वाकडीच दिसतेय.”

आईचा चेहरा पडला. लेक मात्र टाळ्या पिटत बाबांच्या गळ्यात पडली.

“अगं, नाचतेस काय? सूज आहे अजून.”

“नाही गं आई. ती एक ओळ खरंच माझ्या हातून वाकडी गेलीय.”