कुंपणापलीकडची चढाई

अधीक्षक देवरुखकरांनी कपाळाला हात लावला. सुधारगृहातून सारख्या पळून जाणाऱ्या जग्यालाच खामकरांनी संघात घेतलं होतं. एकेकाळी कबड्डीची मैदानं गाजवलेले खामकर म्हणाले, "साहेब, पळणं त्याला येतंच. शिवून परत यायचं, तेवढं मी शिकवतो."

पहिल्याच सामन्यात जग्यानं दोघांना शिवलं आणि सवयीनं सरळ पुढे धावत कुंपणाबाहेर उडी ठोकली.

"गेला! आता माझी नोकरीही गेली," म्हणत देवरुखकर मटकन खाली बसले. खामकर निवांत शेंगा सोलत होते.

तेवढ्यात कुंपणापलीकडून "कबड्डी, कबड्डी" ऐकू आलं. दम न सोडता जग्या उडी मारून आत आला आणि मधल्या रेषेवर आडवा झाला.

"बाद!" पंच म्हणाले.

देवरुखकर तरातरा पंचांवर धावून गेले.

"बाद कसला? परत आलाय तो!"