घोळीचा कोपरा

इन्शिराहनं कोपऱ्यातली माती ओंजळीनं पिशवीत भरली आणि पिशवीचं तोंड बांधलं. शेतकी सोसायटीचा इंजिनिअर सांगून गेला होता, की शेतात दहा ठिकाणी हातभर खणा, सगळी माती बादलीत कालवा आणि त्यातली थोडी आणून द्या. पण इतकं सरळ वागायला गाव काही खुळं नव्हतं. माती जितकी गरीब निघेल तितकी सोसायटीकडून सुपर फॉस्फेट खताची पोती जास्त, हे कळल्यापासून जो तो आपल्या शेतातली सगळ्यात मेलेली जागा शोधत होता. इन्शिराहलाही पोती हवीच होती. तिच्या मक्याची पानं जांभळी पडली होती आणि गेल्या साली कणसं बोटाएवढी भरली होती.

मेलेली जागा तिला शोधावी लागली नाही. कालव्याकडच्या कोपऱ्यातला पलंगाएवढा तुकडा अकरा वर्षं उघडाबोडका होता. तिथं ना पेरणी, ना खत. तिचा सासरा हाजी मिस्बाह दर शुक्रवारी नमाजाला जायच्या आधी खुरपं घेऊन तिथं बसायचा आणि उगवलेलं सगळं मुळासकट उपटायचा. घोळीची भाजी आली तरी ती घरी आणायचा नाही, कालव्यात फेकून द्यायचा. घोळ कुणी फेकतं? लसूण घालून शिजवली की पोरंसोरं ताट चाटतात. म्हातारपणाचं खूळ, दुसरं काय, असं म्हणून इन्शिराहनं तो विषय कधीच सोडून दिला होता.

खलाफ असता तर ही धावपळ तिच्या वाट्याला आली नसती. खलाफ म्हणजे तिचा नवरा. ताडमाड माणूस, लग्नाच्या फोटोत तिचं डोकं कसंबसं त्याच्या खांद्याला पोचलेलं. लेकीच्या वेळी ती बाळंतपणाला माहेरी गेली आणि चाळीस दिवसांनी बाळ घेऊन परतली, तेव्हा सासऱ्यानं उंबऱ्यावरच सांगितलं, की खलाफ लिबियाला गेला. शेताचा तुकडा विकून जातो म्हणाला, मी नाही म्हटलं, तर भांडून तसाच निघून गेला. त्यानंतर ना पत्र, ना फोन. तिकडं बेनगाझीत दुसरी केली असेल, हिलाच नवरा धरून ठेवता आला नाही, असं बायका तिच्या तोंडावर म्हणायच्या. ती ऐकून घ्यायची. रुसून का होईना, तो कुठंतरी जिवंत आहे आणि एक दिवस येईल, एवढ्यावरच तिनं अकरा वर्षं रेटली होती.

माती देऊन वीस दिवस झाल्यावर सोसायटीतून बोलावणं आलं. इंजिनिअर हातातला कागद बघून हसत होता.

"ताई, मला गंडवायला गेलात आणि स्वतःच फसलात की. गावात कुणाच्या मातीत स्फुरद, म्हणजे फॉस्फेट, आठच्या वर नाही, आणि तुमच्या मातीत सत्तर. आता एक पोतंही मिळायचं नाही तुम्हाला."

तुमचं मशीन बिघडलंय, त्या जागेत आम्ही चिमूटभरही खत टाकलेलं नाही, असं इन्शिराह म्हणाली. लेकीची शपथही घेतली. ती खोटं बोलत नाही, हे बघून त्याचं हसू ओसरलं.

"मग एखादं जनावर पुरलं असेल. स्फुरद हाडात असतं, ताई. एकदा मातीत उतरलं की तिथून हलत नाही."

इन्शिराहनं मनातल्या मनात आठवून पाहिलं. ती या घरात आल्यापासून एकही जनावर दावणीला मेलं नव्हतं. म्हैस विकली होती. गाढव अजून होतं. पोत्यांचं पुढं काही न विचारता ती घरी आली.

शुक्रवारी म्हातारा खुरपं शोधत अंगणात आला. खुरपं इन्शिराहच्या मांडीवर होतं.

"दे इकडं, पोरी. नमाजाला उशीर होतोय."

"यंदा तिथं उगवू द्या, बाबा."

म्हाताऱ्यानं हात पुढं केला होता, तो तसाच राहिला. मग तो भिंतीला टेकून खाली बसला. त्या दिवशी तो मशिदीत गेला नाही आणि त्यानंतर त्यानं खुरपं कधी मागितलंही नाही.

इन्शिराह रोज संध्याकाळी कोपऱ्याला पाणी द्यायची आणि तिकडं न बघता परत यायची. आपलं चुकलेलं असू दे, मशीन खरंच बिघडलेलं असू दे, बेनगाझीत त्यानं दुसरी, तिसरी, हव्या तितक्या बायका केलेल्या असू देत, असं ती पाणी सोडताना म्हणायची. असे तीन आठवडे गेले.

मग एका संध्याकाळी तिनं पाहिलं. सगळ्या कोपऱ्यात घोळ आली होती, बाकीच्या शेतासारखीच मलूल आणि खुरटी. मधोमध मात्र एक लांब, वरच्या टोकाकडं रुंद होत गेलेला पट्टा दाट, काळपट हिरवा आणि वीतभर उंच होता. घरातलं दुसरं कुणी आलेलं नाही ना, हे तिनं एकदा मागं वळून बघितलं. चपला काढल्या. पट्टा खाली जिथं संपत होता तिथं आपली पावलं जुळवली आणि ती त्याच्या शेजारी आडवी झाली.

तिचं डोकं बरोबर खांद्याशी आलं.