कागद अजून भुकेला

"चप्पल तिकडंच काढ," गिरजाबाई म्हणाली. "आन् ओसरीवर चढू नोको."

श्रावण चढलाच नव्हता. तो अंगणात उभा होता. मागच्या साली, ब्याऐंशीत, याच ओसरीवर बसवून याच बाईनं त्याला चहा दिला होता. कप वेगळा होता. श्रावण बौद्ध; कप वेगळा काऊन, हे त्याला कोणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यानं तो मुकाट रिचवला. कमिशनवर जगणाऱ्या एजंटाला राग परवडत नाही.

त्या दिवशी त्यानं गिरजाबाईच्या थोरल्याला, लटारूला, अपघाताचा विमा विकला होता. "शेत तर आहेच भाऊ, हा वरचा, जादाचा आधार," एवढ्यानं लटारू बधेना. मग श्रावणनं भीती विकायला काढली. "समजा, तुम्ही मोहफुलं वेचाले गेले आन् अस्वल आलं, तर?" लटारू हसला, दाराआडच्या बायकोकडे बघितलं आणि सही ठोकली. माघारी पैसे कोणाला, त्या रकान्यात श्रावणनं बायकोचं नाव घातलं. रंभा.

चैतात लटारू मोहफुलं वेचायला गेला. अस्वल आलं.

तेव्हापासून ते 'समजा' श्रावणच्या घशात रुतून बसलं होतं. पाच महिने झाले, घास उतरत नव्हता. "जे आहे ते गावासमोर सांग, चार माणसांदेखत," असं विमा कंपनीच्या ब्रह्मपुरीच्या साहेबानं बजावून पाठवलं होतं. आता अंगणात जमलेलं गाव समोर होतं आणि जीभ उचलत नव्हती.

ओसरीवर लटारूची दोन वर्षांची पोर भोकाड पसरून बसली होती. गोठ्याच्या बंद दारामागून कोणीतरी तिला हळूहळू हाका मारत होतं.

"सून गोठ्यात काऊन?" श्रावणनं विचारलं.

"मंग कुठी ठेवू? देव्हाऱ्यात?" गिरजाबाई उसळली. "नवऱ्याच्या मरणाच्या कागदावर आपलं नाव लिवून बसली ते! कागद वर गेला आन् माहा पोरगा गेला. आता धाकटा, सुकलू, आठ दिवसापासून तापानं फणफणून राह्यला. कागद अजून भुकेला हाय. उद्या तिचा भाऊ येते, घेऊन जाईन तिले."

"आन् पोट्टी?"

"पोट्टी आमची."

गोठ्यातल्या हाका थांबल्या.

"बोल ना आता," पंच भैयाजी पिंक टाकून म्हणाले. "पॉलिसी विकताना त तुही जीभ रेल्वेवानी धावे."

श्रावणनं जमिनीकडे पाहिलं. मग उलटी व्हावी तसे शब्द बाहेर पडले.

"कागद गेलाच नाई."

"कोणता कागद?"

"लटारूभाऊचा फॉर्म. मी कंपनीत भरलाच नाई. पैसे खाल्ले."

भैयाजी उठून उभे राहिले.

"मंग तो मेल्यावर पोलीसठाण्याचे, सरपंचाचे कागद कायले नेले रे?"

"तोंड लपवाले. आज सांगू, उद्या सांगू करत राह्यलो."

"आन् ते पावती?"

"पावतीले काय लागते, भाऊ? पेन लागते."

"चोट्टा साला!" मागून कोणी ओरडलं. "मढ्याच्या तोंडचं खाल्लं!"

"या लोकाइले ओसरीवर चढवलं का असंच होते," दुसऱ्यानं जोड दिली.

श्रावणचे कान तापले. एरवी या एका वाक्यासाठी तो गचांडी धरायला कमी करत नसे. आज त्यानं मान वर केली नाही. एकट्याच्याच नव्हे, अख्ख्या बौद्ध मोहल्ल्याच्या तोंडाला आपण काळं फासलं, हे त्याला नीट कळत होतं. मोहल्ल्यातल्या म्हाताऱ्यांनी वर्गणी काढून त्याला शिकायला धाडलं होतं, ते या दिवसासाठी नव्हतं.

गिरजाबाई खाली उतरली. त्याचीच चप्पल उचलून तिनं दोनदा त्याच्या थोबाडावर हाणली. तिसऱ्यांदा हात वर गेला आणि तिथंच राहिला.

"खरंच गेला नाई कागद?"

"नाई, बाई."

"मंग अस्वल?"

"अस्वल आपल्या पोटासाठी आलं. मोहाच्या वासानं आलं. त्याले कोणी लिवून बोलावलं नाई. तुमच्या सुनेचं नाव कुठीच नाई, बाई. कोणत्याच कागदावर नाई."

गिरजाबाईच्या हातून चप्पल गळाली. तिनं जाऊन गोठ्याची कडी काढली. रंभा वाकून बाहेर आली. केसांत तणसाच्या काड्या अडकल्या होत्या. सासूनं तिच्याकडे बघितलं नाही. ओसरीवरून पोर उचलली आणि तिच्या कडेवर दिली.

"भूक लागली हाय तिले," एवढंच म्हणाली.

बाकी हिशेब भैयाजींनी मिटवला. गावात ज्यांनी ज्यांनी विमा घेतला, त्यांचे पैसे पुढच्या बाजाराला परत आणायचे, आणि त्यानंतर गावाच्या शिवेत पाय ठेवायचा नाही. श्रावणनं दोन्हीला मान हलवली. ही बातमी साहेबापर्यंत जायला आठवडाही लागणार नव्हता. पोटाचा धंदा गेला, तोंड दाखवायची जागा गेली.

सुजलेला गाल घेऊन तो बसथांब्याकडे निघाला. विहिरीच्या वळणावर रंभा उभी होती. कडेवर पोर, पायाशी घागर.

"भाऊ, चोरी त केली तुम्ही," ती म्हणाली. "पण त्या चोरीनं माही लेक माह्यापाशी राह्यली."

श्रावणला तिच्याकडे बघवेना. 'समजा' म्हणताना ती दाराआडून ऐकत होती, हे त्याला आठवत होतं.

"उद्या तुमचा भाऊ येणार हाय ना?" तो म्हणाला. "पोट्टीले दवाखान्यात दाखवतो म्हणून सांगा घरी, आन् त्याच्यासंगं ब्रह्मपुरीले या. बँकेत तुमच्या नावानं खातं उघडू. सासरी कोणालेच सांगजा नोका."

"बँकेत? मी कायले?"

श्रावणनं मागेपुढे पाहिलं, सदऱ्याच्या आतल्या खिशात हात घातला आणि लटारूच्या विम्याचा, कंपनीनं रंभाच्या नावानं पाठवलेला चेक बाहेर काढला.