बाकाखालची डबी

देवाशी उभा दावा असलेल्या काशिनाथरावांना न्यूझीलंडमध्ये रोटोटुनाला लेकीकडे आल्यावर जिओकॅशिंगचा नाद लागला. फोनवर ठिकाण बघायचं आणि कुणाच्या नजरेत न येता तिथे लपवलेली डबी शोधायची. एका गावातल्या जुन्या चर्चच्या आवारात ते गुडघे टेकून बाकाखाली चाचपत होते, तेवढ्यात पाद्री आले. काशिनाथरावांनी झटकन डोळे मिटून हात जोडले.

पाद्री अदबीने थांबले. भक्ती काही आटपेना, तेव्हा माओरीत नमस्कार करत हळूच म्हणाले, "किया ओरा. डबी पलीकडच्या बाकाखाली आहे."

डबी खरंच तिथे निघाली.

बायको, दमयंतीबाई, गाडीला टेकून सगळं बघत होत्या. "लग्न झाल्यापासून सांगतेय," त्या म्हणाल्या, "एकदा हात जोडून तर बघा."