आधी दाखवायचं

बाईनं आधी चमचा दाखवला. मग वाटी दाखवली. म्हातारीनं दोन्हींची नीट तपासणी केली आणि राजीखुशीनं आ केला.

हीच त्या दोघींची भाषा. दुसरी नव्हतीच. सांभाळायला ठेवलेली ही बाई परमुलखातली. तिचं बोलणं म्हातारीला कळत नव्हतं आणि म्हातारीचं तिला. म्हणून बाई जे काही करायची, ते आधी दाखवून. कंगवा दिसला की म्हातारी डोकं पुढे करायची. ओला रुमाल दिसला की हनुवटी वर. न दाखवता बाईनं तिच्या अंगाला बोटसुद्धा लावलं नव्हतं. अंथरूण धरल्यापासून कुणी आपल्याला विचारून काही करतंय, हे म्हातारीच्या वाट्याला पहिल्यांदाच आलं होतं.

आणि म्हातारी काही गरीब गाय नव्हती. गल्लीत तिला तोफ म्हणत. ती खिडकीत येऊन नुसती खाकरली, तरी समोरच्या घरात उतू जाणारं दूध घाबरून पातेल्यात परत बसायचं. नवी सून घरात आली, त्याच वर्षी तोफेची अंगठी हरवली. तिनं चारचौघांदेखत सुनेची बॅग दारात उपडी करायला लावली, एकेक कपडा झटकायला लावला. अंगठी पुढे तिच्याच उशीच्या अभ्र्यात सापडली. हा किस्सा म्हातारी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायची. सून तोवर पाहुण्यांना चहा द्यायची.

बाई आल्यापासून तोफ पार थंडावली होती. आज मात्र तिचा जीव टांगणीला लागला होता. बाईला दुसऱ्या एका घरून बोलावणं आलं होतं. जायचं की राहायचं, हे ती आजच ठरवणार होती. आणि तिची भाषा या घरात एकट्या सुनेला यायची. कचेरीत सून दिवसभर तीच बोलायची.

सून पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून म्हातारीची धुतलेली चादर घडी करत होती.

"अगं, तिला सांग," म्हातारी म्हणाली, "जाऊ नकोस म्हणावं. माझ्या पोटी लेक नाही, ती आत्ता मिळाली म्हणावं. इतकी वर्षं पडून आहे मी, पण मायेचा हात कसा असतो ते तुझ्यामुळे कळलं म्हणावं."

चादर सुनेच्या हातात अर्ध्यावरच थांबली. इतकी वर्षं त्या चादरी तीच धूत आली होती.

"सगळं सांगू?"

"एकूण एक शब्द सांग. काटकसर करू नकोस, तुझं काय जातंय?"

सुनेनं चादर खाली ठेवली आणि ती बोलायला लागली. शांतपणे, सावकाश, बरंच बोलली. बाईचा चेहरा उतरत गेला. तिनं म्हातारीकडे वळून काहीतरी विचारलं.

"खरंच का, म्हणून विचारतेय," सून म्हणाली.

"हे काय विचारणं झालं? अगदी त्रिवार खरं!"

भाषा येत नसली म्हणून काय झालं? म्हातारीनं जोरजोरात मान डोलावली. छातीवर हात ठेवला. मग बोट बाईकडे रोखलं. तूच गं, तूच! बाईच्या गालांवरून घळाघळा पाणी वाहायला लागलं. भरून आलं पोरीला, असं म्हातारीला वाटलं, आणि तिनं आणखी एकदा मान डोलावली.

बाई आत गेली आणि आपली पिशवी घेऊन आली.

"बघ, सामान लावायला काढतेय," म्हातारी सुनेला म्हणाली. "राहतेय ती!"

बाई पलंगाजवळ बसली. तिनं पिशवीतला कंगवा दाखवला. म्हातारीनं डोकं पुढे केलं. कंगवा पांघरुणावर पडला. बाईनं रुमाल दाखवला. म्हातारीनं हनुवटी वर केली. रुमालही पांघरुणावर पडला. मग किल्ली. मग कागदात गुंडाळलेला अर्धा पाव. मग एका लहान पोराचा फोटो. एकेक वस्तू बाई म्हातारीच्या डोळ्यांसमोर धरायची, पुरती पाहू द्यायची आणि खाली ठेवायची. शेवटी तिनं पिशवी उलटी करून झटकली. कोटाचे खिसे बाहेर ओढले. रिकामे तळहात पुढे धरले.

म्हातारीची हनुवटी अजून वरच होती. ती हळूहळू खाली आली. माणसं आपलं सामान असं कधी झटकतात, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"नाही गं, नाही! मी असलं काही बोलले नाही!"

ती ओरडली. बाईला त्यातला फक्त आवाज कळला. तिनं सामान भरलं, डोळे पुसले आणि बाहेर जाऊन दार ओढून घेतलं.

सुनेनं चादरीची राहिलेली घडी पूर्ण केली. खुर्ची पुढे ओढली, वाटी उचलली. चमचा कुठून आला ते म्हातारीला दिसलंच नाही. तो एकदम दातांवर आपटला. सूप गार झालं होतं.

"काय सांगितलंस तू तिला?"

सुनेनं तिच्या हनुवटीवर ओघळलेलं सूप पुसलं.

"तुमचेच शब्द, आई. एकूण एक. फक्त जरा जुने होते."