पाहुण्यासाठी भाकरी

महानंदानं डबा उघडला आणि हिरव्या काचेच्या बांगड्या हातात भरल्या. नवऱ्याला, रेवणप्पाला, जाऊन नुकताच महिना सरला होता.

चुलीच्या खोलीचं दार तिनं लोटून घेतलं. मोबाइल डाळीच्या डब्याला टेकवला. त्यात परात आणि कोपरापर्यंतचे हात एवढंच दिसायचं. तोंड कधीच नाही. शब्द एकही नाही. ‘चुलीपाशी’ नावानं ती हे व्हिडिओ टाकायची, आणि ते बघायला लोक दरमहा वर्गणी भरायचे. भाकरी थापणारे दोन हात आणि वाजणाऱ्या बांगड्या. कुणी झोप लागत नाही म्हणून ऐकायचं, कुणी आई आठवते म्हणून. ही बाई कोण, कुठली, कुणालाच ठाऊक नव्हतं. अणदूर गावातही नव्हतं. घरी तिनं ब्लाऊज शिवते म्हणून सांगितलं होतं.

“सगळ्या अणदूरचे ब्लाऊज तूच शिवतीस काय गं?” ट्रकवरून घरी आला की रेवणप्पा हसायचा. “एकीच्या अंगावर तरी दिसू दे की तुझं शिवण!”

ती मान खाली घालायची. खरं सांगावं असं फार वाटायचं. पण बायकोचे हात परकी माणसं बघतात, हे त्याला कसं रुचेल? आज सांगू, उद्या सांगू करत ते राहूनच गेलं.

बांगड्या त्यानंच हैदराबादहून आणल्या होत्या. दुकानदार वैतागेपर्यंत एकेक कानाशी वाजवून निवडल्या म्हणे. निम्म्या तिनं लगेच भरल्या, निम्म्या खंडोबाच्या यात्रेसाठी ठेवल्या. पुढच्याच खेपेला उमरग्याच्या अलीकडं ट्रक उलटला. हातातल्या बांगड्या बायकांनी फोडल्या. डब्यातल्या तेवढ्या राहिल्या.

दिवस झाल्यावर तिनं पुन्हा व्हिडिओ टाकले, भुंड्या हातांचे. लोकांनी विचारलं, ताई, आवाज का नाही? काय सांगणार? काहीजण सोडून गेले. त्याचं तिला काही वाटलं नाही. पाहुणा गप्प झाला, ते मात्र लागलं.

पाहुणा हे त्यानं स्वतःच घेतलेलं नाव. व्हिडिओ टाकला की पहिला तोच यायचा. लिहायचा पुस्तकातल्यासारखं. ‘आज भाकरी छान फुगली. तुमच्या बांगड्या ऐकत जेवलो. पोट भरले.’ कधी, ‘आज हात थकल्यासारखे वाटले. बरे आहे ना?’ वेडावाकडा शब्द कधी नाही. तोंड दाखवा असं एकदाही म्हणाला नाही. कुणी म्हातारे मास्तर असतील, परदेशात लेकाकडं एकटे पडले असतील, असं तिनं मनात ठरवून टाकलं होतं. रेवणप्पा जीव लावायचा, पण त्याला असलं बोलता यायचं नाही. ताटावर बसला की खाली मान घालून जेवायचा आणि उठायचा. भाकरी कशी झाली हे तिला पाहुण्याकडून कळायचं.

काल तिनं न राहवून त्याला निरोप लिहिला होता. ‘तुम्ही रागावलात का? उद्या बांगड्या घालते.’ उत्तर आलं नव्हतं.

तिनं पीठ मळलं. उंडा परातीत ठेवून थापायला घेतला. बांगड्या वाजल्या, आणि इतके दिवस मुकी झालेली खोली एकदम बोलायला लागली. डोळ्यांतलं पाणी पिठात पडू नये म्हणून तिनं मान बाजूला केली. भाकरी तव्यावर गेली. फुगली. तिनं व्हिडिओ टाकून दिला आणि दुसरी भाकरी तव्यावर घातली.

दार ढकललं गेलं. सासू उभी होती. नागम्माच्या कपाळावर विभूती होती आणि हात कित्येक वर्षांचे मोकळे. तिनं लेकाचा फोन छातीशी धरला होता. कोंडीराम दिरानं सकाळीच तो पोलीस ठाण्यातून आणून चार्जिंगला लावला होता.

“ह्यात त्याचे फोटू असतील, दाव म्हणायला आले,” नागम्मा म्हणाली. “बांगड्या ऐकल्या. म्हटलं, कान वाजत्यात माझे.”

मग तिनं सुनेचे हात पाहिले.

“कुणासाठी घातल्यास गं?”

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. एका अनोळखी पुरुषाचा रुसवा काढायला घातल्या, असं सांगायचं? नवऱ्याच्या मातीला महिना झालाय तोवर? महानंदा बांगड्या ओढून काढायला लागली. एक निघाली. दुसरी पिठानं अडकली.

तेवढ्यात नागम्माच्या हातातला फोन वाजला. परत वाजला. मग थांबेचना.

“अगं बाई! नुसतं बटण दाबलं हुतं म्या. बघ की काय झालं!”

महानंदानं पिठाच्या हातानं फोन घेतला. काचेला तडा गेला होता. तड्याखाली ‘चुलीपाशी’ असं नाव उमटत होतं, एकाखाली एक. प्रत्येक नावाशेजारी तिचे भुंडे हात. सगळ्यात वर आत्ताचेच, हिरव्या बांगड्यांचे. आणि त्याच्याखाली कालचा निरोप.

‘पाहुणा, तुम्हाला चुलीपाशी यांचा निरोप: तुम्ही रागावलात का? उद्या बांगड्या घालते.’

ती तिथंच खाली बसली. तव्यावरची भाकरी जळायला लागली, तरी तिनं हात पुढं केला नाही.

“काय लिवलंय त्यात? रडतीस का?” नागम्मा वाकली. “बोल की पोरी. कुणासाठी घातल्यास?”

महानंदानं काढलेली बांगडी उचलली आणि पुन्हा हातात सरकवली.

“तुमच्या लेकासाठी, अव्वा. ह्या बांगड्यांचा आवाज त्यांना लई आवडायचा. मला आत्ता कळलं.”